रंग क्रमांक सतरा

सतरावा रंग मार्चमध्ये हाती आला.
चार महिने, सहा पायऱ्या,
आणि शेवटी बाटलीच्या तळाला चिमूटभर पूड,
हळदीहून गडद, झेंडूहून फिकी.
पांढऱ्या लेपाच्या काचा मी त्यात रात्रभर ठेवल्या,
मटकी भिजत घालावी तशा.
सकाळी काढल्या, तर देखण्या दिसत होत्या.
देखणेपणाला सौरघटात गुण नसतात.

धहरानमध्ये उन्हाला तोटा नाही.
गाडीच्या दाराची कडी रुमालाने धरावी लागते.
सतराने हे सगळं ऊन घेतलं
आणि पुढे काहीच दिलं नाही.
शंभरातलं दीड. तेही यंत्राला दया आली म्हणून.
थुरैया म्हणाली, आळशी नाहीये गं हा, कंजूष आहे.
तिच्या वडिलांची कतीफला खजुराची बाग आहे,
न फळणाऱ्या झाडाशी कसं बोलायचं ते तिला कळतं.

फेकण्याआधी, रीत म्हणून,
मी त्याच्यापुढे एकेक क्षार ठेवला.
क्लोराइड: पिवळा. ब्रोमाइड: पिवळा.
नायट्रेट, पिवळाच.
फ्लोराइडचा एक थेंब पडला
आणि नळीत वांग्याच्या सालीचा रंग उतरला,
पापणी लवायच्या आत.
मी दुसरी नळी घेतली. तिसरी.
मग हातमोजे काढून नुसती बसून राहिले.

आमच्या गावाला मी तिसरीत असताना बोअर मारली.
दोनशे फुटांवर पाणी लागलं, नारळ फुटले,
विहिरीचा गाळ काढायचं लोक विसरून गेले.
ते पाणी गोड होतं, हे कुणीही सांगेल.
आमच्या वर्गातल्या सगळ्यांच्या दातांवर
चहा सांडल्यासारखे डाग पडले.
आईचे गुडघे पुढे आखडले, पण तिला लाज दातांचीच.
अजून पदर तोंडाशी धरून हसते,
आणि मला फोनवर सांगते,
"लोकाईत दात काढून हासू नोको वं माय."
व्हिसाच्या फोटोत सगळ्यांचंच तोंड मिटलेलं असतं.
माझा तेवढाच एक फोटो मला आवडतो.

जुबैलला परांची बांधणारा मामेभाऊ प्रफुल्ल
मे महिन्यात सुट्टीवरून आला.
आवळा तेलाच्या बाटलीतून त्याने बोअरचं पाणी आणलं,
दोनदा धुतली म्हणाला. वास होताच.
पाणी सतरामध्ये घातलं. पिवळा.
पुन्हा घातलं. पिवळा.
पाण्यात पाणीच आडवं येतं,
हे मी विद्यार्थ्यांना शिकवते,
पण त्या दिवशी मला ते पटेना.

मग ती थाळी गच्चीवर नेऊन ठेवली.
दुपारी एक ते तीन गच्चीवर पाखरूही येत नाही.
ज्या उन्हापुढे माझा रंग नापास झाला
त्याच उन्हाने बोअर आटवली,
थाळीवर चुन्यासारखी साय उरली.
ती खरवडली, घोळली, गाळली,
थेंब टाकला.

वांगं.

मी ओरडले असणार, कारण थुरैया धावत आली.
तिने नळी उजेडाला धरली, खूप वेळ बघितलं,
आणि मग तिला विचारायलाच हवे होते ते प्रश्न विचारले.
नुसत्या सोड्यानेही असा बदलत असेल तर?
तेलाचं काय? साबणाचं?
इथल्या नळाचं, समुद्र गाळून केलेलं पाणी
असंच आटवून पाहिलंस?

पाहिलं नव्हतं.
रात्री साडेनऊला आम्ही पुन्हा सुरुवात केली.
तिने वहीत नवीन पान काढलं, तारीख घातली,
नमुन्याच्या नावाच्या रकान्यात काय लिहू विचारलं.
मी गावाचं नाव सांगितलं.
ळ तिला जमेना. चारदा म्हणून पाहिला,
जीभ कुठे लावायची हे दाखवायला
मी तोंड उघडलं,
चांगलं मोठं,
आणि ती दिव्याखाली वाकून
बघत राहिली.